चढ्या सुराची पायपेटी

मी पायपेटी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, गेल्या काही महिन्यांत माझ्या भात्यात एकदोनदाच कुणी हवा भरली, त्यामुळे खरं तर मी गप्पच असते. लीड्समधल्या एका सेमी-डिटॅच्ड घराच्या पुढच्या खोलीत, रेडिएटर आणि खिडकी यांच्या मधे उभी आहे. पेटी रेडिएटरला लागून ठेवू नये, हे या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि आता माझं लाकूडही तक्रार करत नाही. माझ्या झाकणावर आगगाड्यांविषयीच्या एका मासिकाची चळत आहे. शशिकांतराव जाऊन दोन हिवाळे झाले, तरी त्यांचं मासिक दर महिन्याला येतंच, आणि वीणाताई त्याचं वेष्टन न फोडता ते माझ्यावर ठेवून देतात.

वीणाताई म्हणजे डॉक्टर वीणा कर्णिक, शशिकांतरावांच्या पत्नी. इथल्या हॉस्पिटलांत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं भूल देण्याचं काम केलं आणि आता निवृत्त झाल्या आहेत. पण इथल्या मराठी मंडळातली माणसं त्यांना ओळखतात ती नांदीसाठी. दरवर्षी गणपतीत एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम होतो. आधी वीणाताईंची नांदी, मग बाकी सगळं. ती झाल्याशिवाय मागच्या टेबलावरच्या बटाटेवड्यांची फॉइलसुद्धा कुणी उघडत नाही.

मागच्या वर्षी नांदी झाली नाही. वीणाताईंच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस जरा दुखावली. असं कधीकधी होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? या वर्षीचे गणपती तोंडावर आले आहेत. वीणाताई पुन्हा गाणार की गाणं कायमचं मिटवून ठेवणार, एवढा एकच प्रश्न परवापरवापर्यंत या घरात होता आणि तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

हा प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला आहे. त्याचं तेव्हा जे उत्तर आलं, त्यानंतर मला फारसं काही वाटेनासंच झालं. ते आधी सांगते.

माझा जन्म लंडनचा. व्हिक्टोरिया राणीला वैधव्य येऊन तेव्हा बराच काळ लोटला होता आणि नाटकगृहांत अजून गॅसचे दिवे होते. माझ्या पोटात पितळी पट्ट्या आहेत. पेटीवाले त्यांना सूरच म्हणतात. एका चष्मेवाल्या कारागिराने एकेक सूर कानाशी धरून, कानसेने घासून जुळवला. त्या काळी इथला सूर आजच्यापेक्षा चढा धरत. वाजवणाऱ्यांना तो आवडायचा, गाण्याला झळाळी येते म्हणायचे. गाणाऱ्यांच्या गळ्याला काय वाटतं ते विचारण्याची पद्धत नव्हती.

म्हणून आजच्या पेटीवर जी काळी चार वाजते, तिच्या आणि पांढरी सहाच्या अधेमधे कुठेतरी माझी काळी चार आहे. याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट जरा ताठाच होता म्हणा ना. पितळ घासल्याशिवाय आपला सूर सोडत नाही आणि मला त्यानंतर कुणी घासलेलं नाही.

माझ्यासारख्या काही पेट्या पुढे बोटीने मुंबईला गेल्या, तिकडे संगीत नाटकांत वाजल्या आणि पायपेटी म्हणवू लागल्या. हे मला शशिकांतरावांकडून कळलं. मराठीही मी त्यांच्याच घरात शिकले. त्याआधी माझ्या कानावर पडायची ती यॉर्कशरची इंग्रजी, कारण मला पहिल्यांदा विकत घेतलं ते लीड्सच्याच एका बाईने.

तिचं नाव हॅना हॉलरॉइड. बाप गिरणीत, आई गिरणीत, आणि हॅनाही लहानपणीच लिननचं सूत कातणाऱ्या गिरणीत लागलेली. यंत्रांच्या खडखडाटात गायची सवय झाल्याने आवाज असा मोकळा, की रविवारी चॅपलच्या भजनात बाकीचे नुसते ओठ हलवायचे. चॅपलच्या ऑर्गनवाल्याने तिला स्वर शिकवले. एका फिरत्या ऑपेरेटा कंपनीने तिला कोरसमध्ये घेतलं, तेव्हा मात्र त्याच ऑर्गनवाल्याने तिच्याशी बोलणं टाकलं. नाटकात जाणाऱ्या मुलीबद्दल लोक जे बोलतात ते इथेही बोलत होते.

ऑपेरेटा म्हणजे हलकंफुलकं संगीत नाटक. भरपूर गाणी, चुरचुरीत संवाद, भलत्याच माणसाशी ठरलेलं लग्न आणि शेवटी सगळं सुरळीत. कंपनीच्या मालकाने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव बदललं. हॅना हॉलरॉइड हे नाव गिरणीच्या हजेरीला ठीक आहे, जाहिरातीवर चालायचं नाही, म्हणाला. ती मिस एस्टेला व्हेन झाली. मी तिला हॅनाच म्हणते.

नायिकेची भूमिका तिच्याकडे आली ती नेहमी येते तशीच: मुख्य गायिकेचा घसा बसला, हिला उभं केलं, आणि घसा बरा झाल्यावर त्या बाईंना परत बोलावणं आलंच नाही. त्यानंतर हॅनाने मला घेतलं. माझे पाय दुमडून आत जातात आणि मी पेटाऱ्यासारखी होते, त्यामुळे मला गाडीच्या डब्यात टाकून कुठेही नेता यायचं. मँचेस्टर, हल, कॉव्हेंट्री, ग्लासगो. आठवडाभर एका गावात खेळ, रविवारी प्रवास. इंग्लंडभरच्या नाटकमंडळ्या रविवारी गाडी बदलायला क्रू नावाच्या जंक्शनच्या फलाटावर एकत्र यायच्या. कुणाचा नवा कपडेपट पाहा, कुणाला काढलं, कुणी लग्न केलं, सगळ्या उखाळ्यापाखाळ्या त्या फलाटावर. टेनर, म्हणजे चढ्या आवाजाचे गायक, तेवढे एकमेकांना ओळख देत नसत.

प्रत्येक गावी भाड्याची खोली. सकाळी एक उकडलेलं अंडं, मग मी. पायांनी भाता मारत ती सगळे स्वर घ्यायची आणि शेवटी तो एक वरचा स्वर. तिच्या गाजलेल्या खेळात एक राजकन्या वेष पालटून हंस राखायला जाते. दुसऱ्या अंकात तिचं गाणं होतं आणि त्याच्या शेवटी हा स्वर. वादकांचा प्रमुख काठी उचलून थांबायचा, सगळा वाद्यवृंद थांबायचा, आणि हॅना तो स्वर धरून ठेवायची. मग खाली यायची ती जिना उतरल्यासारखी, घाई न करता. मँचेस्टरला लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. इकडे अशा वेळी 'एन्कोर' म्हणून ओरडतात. 'वन्स मोअर' ही तुमची मराठी माणसांची इंग्रजी, हे मला फार उशिरा कळलं.

तिने एका टेनरशी लग्न केलं. तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि तिकडेच राहिला. कळलं त्या सकाळी तिने अंडं खाल्लं, माझ्यापाशी बसून स्वर घेतले, वरचा स्वर आला. तो आला म्हणजे बाकी सगळं निभेल, असं ती धरून चालायची. मलाही ते पटायचं. मी तेव्हा नवीन होते.

चाळिशीच्या सुमाराला तो स्वर दगा देऊ लागला. आधी धुक्याच्या दिवसांत, मग धुकं नसतानाही. येताना आधी थोडी हवा यायची आणि मागून स्वर. प्रेक्षकांना कळण्याआधी वादकांना कळलं. एका सकाळी वादकांचे प्रमुख, मिस्टर प्रॉक्टर, हॅट हातात घेऊन खोलीवर आले. भला माणूस. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मिस व्हेन, दुसऱ्या अंकातलं गाणं आपण एक सूर खाली घेऊ. मी वाद्यांचे कागद पुन्हा उतरवून घेतो. प्रेक्षकांत कुणालाही पत्ता लागणार नाही."

"वाजवणाऱ्यांना लागेल."

"त्यांचं काय एवढं?"

"आज त्यांना कळलं की रविवारी क्रूला कळेल, मिस्टर प्रॉक्टर. आणि क्रूला कळलं की संपलं."

यात खोटं काही नव्हतं. गाण्याचा सूर उतरवायचा तर प्रत्येक वाद्याचा कागद नव्याने लिहावा लागे. तो पाहिल्यावर बासरीवाल्यापासून ढोलवाल्यापर्यंत सगळ्यांना समजे की बाई उतरल्या. नाटकवाल्यांत बाईचं वय असंच मोजायचे.

"एकच सूर," प्रॉक्टर म्हणाले. "पुढे दहा वर्षं गाल."

"माझं गाणं आहे तिथेच राहील," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी दार उघडून उभी राहिली.

त्यानंतर ब्रॅडफर्डला झालेल्या खेळात मला विंगेत ठेवलं होतं, कारण पडद्यामागे चर्चमधली प्रार्थना ऐकू यायला हवी होती. त्यामुळे मी सगळं पाहिलं. दुसरा अंक, ते गाणं, ती जागा. प्रॉक्टरांनी काठी उचलली, वाद्यवृंद थांबला. हॅनाने तोंड उघडलं आणि आली ती नुसती हवा. प्रॉक्टर थांबून राहिले. तिने पुन्हा श्वास घेतला. काही आलं नाही. मग तिने राजकन्येने हसावं तसं हसून मान किंचित झुकवली आणि प्रॉक्टरांनी घाईघाईने पुढचं वाजवायला घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हातमोजे न काढता वाजवतात तशा. एन्कोर कुणी म्हटलं नाही.

ती रडेल असं मला वाटलं होतं. खोलीवर आल्यावर तिने थंड मटणाचं ताट पुढे ओढलं आणि सगळं संपवलं. हाडांवरचंसुद्धा. दुसऱ्या दिवशी प्रॉक्टर पुन्हा आले, पुन्हा तेच म्हणाले, आणि ती पुन्हा नाही म्हणाली. त्या रविवारी मंडळी क्रूला गेली, आणि हॅना मला घेऊन लीड्सला परत आली.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. लीड्समधल्याच आर्मलीला दोन खोल्या होत्या. कुणी मुलींना गाणं शिकवाल का म्हणून विचारलं, ती नाही म्हणाली. चॅपलवाल्यांनी जुनं सगळं विसरून, खालच्या आवाजाच्या बायकांत गायला या म्हणून बोलावलं. नाही. रोज सकाळी ती माझं झाकण उघडायची, तो एक वरचा स्वर दाबायची, ऐकायची आणि झाकण लावायची. पुढे पुढे झाकणही उघडेनाशी झाली.

पण मला खरं दुःख दिलं ते या गोष्टीने नाही. तिचे खालचे सगळे स्वर शाबूत होते. नुसते शाबूत नव्हते, पिकले होते. चुलीपाशी बटाटे सोलताना ती नकळत गुणगुणायला लागायची आणि तो आवाज असा भरलेला, ऊबदार असायचा की मी सगळं विसरून ऐकत राहायचे. राजकन्येचा आवाज तितका चांगला कधीच नव्हता. मग तिचं स्वतःकडे लक्ष जायचं आणि ती चोरी पकडल्यासारखी थांबायची. त्या थांबण्याचा मला फार राग यायचा. काही वर्षांनी रागही येईनासा झाला. ती गेली तेव्हा शेजारीण शेगडी पेटवायला आली होती, तिला कळलं. मला काही वाटलं नाही.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एका चॅपलच्या रविवारच्या शाळेत होते, मुलं माझ्या पट्ट्यांवर खेळण्यातल्या गाड्या चालवायची. मग एका तळघरात. मग एका जुन्या सामानवाल्याकडे, पायमोडक्या खुर्च्यांच्या संगतीत. शेवटी ऑटलीच्या लिलावात शशिकांतरावांनी मला उचललं.

"वीणा, बघ काय आणलंय! पायपेटी! नाटकातली!" ते दारातूनच ओरडले. "खुर्चीवर बसून वाजवायची. तुझ्या गुडघ्यांना त्रास नाही."

"अहो, ठेवायची कुठे पण?"

"जागा होते गं. वाजतेय बघ, सगळ्या पट्ट्या वाजतायत."

वाजतेय एवढंच त्यांनी पाहिलं. सूर कोण बघतो? त्यांनी मला मेण लावून चकचकीत केलं, पाहुण्यांना माझी भावंडं मुंबईला गेल्याचं सांगितलं, आणि माझ्यावर नातेवाइकांचे फोटो मांडले. वीणाताईंची जुनी पेटी मंडळाला दिलेली होती आणि ती सुचेताकडे असायची. सुचेता त्यांची मैत्रीण, नांदीला साथ तिचीच. तयारी तिच्या घरी व्हायची. म्हणून मी फर्निचरात जमा झाले. मला त्याचं काही नव्हतं.

शशिकांतराव गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. वीणाताई सगळ्यांना चहा विचारत होत्या. लीड्सची, कॉव्हेंट्रीची, कुठली कुठली माणसं रडून गेली. ह्या रडल्या नाहीत. नंतरही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना भूल दिली, आता स्वतःला देऊन घेतली होती जणू. पुढच्या वर्षी गाठ निघाली, ऑपरेशन झालं, तेही त्यांनी असंच, दुसऱ्या कुणाचं असावं तसं पार पाडलं.

या वसंतात एका दुपारी त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. सुचेतासमोर आवाज फाटला तर? त्यापेक्षा एकटीने बघावं, म्हणून माझी आठवण झाली. मासिकं उचलून जमिनीवर ठेवली, झाकण उघडलं, खुर्ची ओढली आणि काळी चारवर बोट ठेवलं.

मराठी गाणारी माणसं आपल्या आवाजाची उंची पेटीच्या पट्टीवरून सांगतात. माझी काळी एक, माझी पांढरी पाच, असं. एकदा ठरलेली पट्टी सहसा हलत नाही. कुठल्याही गावी, कुठल्याही पेटीवर तीच. वीणाताईंची पुण्यात कॉलेजात असल्यापासून काळी चार. पन्नाशीनंतर बहुतेक बायका उतरतात. ह्या उतरल्या नव्हत्या. हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे वीणाताईंना माहीत होतं.

त्यांनी सा लावला. घोगरा होता, पण होता. वर निघाल्या. वरच्या सा पर्यंत पोचायच्या आधीच आवाज मधून फाटला. पाणी प्यायल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर त्याच्याही खाली.

"गेला," त्या म्हणाल्या, बस चुकल्यावर म्हणतात तसं. झाकण लावलं आणि मासिकं पुन्हा जागेवर ठेवली.

माझी काळी चार चढी आहे हे मी त्यांना सांगणार कशी? त्या आपल्या पट्टीत गात नव्हत्याच, तिच्या वर गात होत्या. पण पेटीची पट्टी चुकेल हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. काळी चार म्हणजे काळी चार.

परवाच्या रविवारी आर्या आली. वीणाताईंची लेक, मँचेस्टरला वकील आहे, जन्म इथलाच. मायलेकी चहा घेत होत्या तेवढ्यात सुचेताचा फोन आला. वीणाताईंनी स्पीकरवर टाकला.

"अगं वीणा, प्रोग्रॅम फायनल करायचाय. नांदी तुझीच ना?"

"नको गं. या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी दे."

"कुणाला देऊ? श्रद्धा म्हणते कराओके ट्रॅक लावून गाते. नांदी आणि कराओकेवर? तूच सांग."

"सुचेता, माझा आवाज गेलाय."

"कोण म्हणतं?"

"पेटीवर बघितलं ना मी. काळी चारला वर जातच नाही."

"मग..." सुचेता काहीतरी बोलणार होती, ती थांबली. "बरं. वेन्झडेपर्यंत कळव."

फोन ठेवल्यावर आर्या म्हणाली, "कुठल्या पेटीवर बघितलंस? हा शोपीसवर?"

"वाजते ती. तुझ्या बाबांनी हौसेने आणली होती."

आर्याने मासिकं बाजूला केली, उभ्याउभ्याच पाय मारत पांढरी सहा, तिच्या भाषेत ए, दाबली आणि तोंड वाकडं केलं. शाळेच्या ऑर्केस्ट्रामध्ये ती व्हायोलिन वाजवायची. "वेट, वेट. हा ए नाहीये, आई." तिने फोनवर सूर मोजणारं अ‍ॅप लावून तो माझ्याजवळ धरला. "बघ ना. हाफवे टू द नेक्स्ट नोट आहे. सगळेच तसे आहेत. तुझा हा पेटी वे टू शार्प आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू काळी चार प्रेस केलंस, पण वाजला वेगळाच नोट. तू वरती गात होतीस, आई. ऑफ कोर्स क्रॅक झाला! तुझा व्हॉइस कुठे नाही गेला. द बॉक्स इज राँग."

राँग म्हणे! वेळ असता तर मला राग आला असता. पण मी वीणाताईंकडे बघत होते. त्यांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर काहीतरी हललं, हे मी या घरात बऱ्याच काळाने पाहत होते.

"पेटी?" त्या म्हणाल्या. "पेटीच चुकली?" आणि हसायला लागल्या. "अगं, मी किती महिने... लाव, लाव. खरी काळी चार लाव बघू. आहे ना तुझ्या फोनमध्ये तंबोरा?"

आर्याने तंबोरा लावून फोन माझ्या झाकणावर ठेवला. माझी गाण्याला एवढीच मदत, टेबल म्हणून. वीणाताई उभ्या राहिल्या, पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा हात खांद्याकडे गेला, आणि त्यांनी सा लावला. या वेळी तो नीट बसला. वर निघाल्या. पंचम आला, धैवत आला. आर्याने दोन्ही मुठी आवळल्या होत्या. निषाद हलला पण आला. आणि त्याच्या पुढे आवाज फाटला.

त्यांनी पुन्हा गायलं. पुन्हा तिथेच.

फोनमधला तंबोरा चालूच होता. त्याला काय?

"इट वॉज मच बेटर, आई..."

"नको. असं नको बोलूस. पेशंटच्या घरच्यांशी आम्ही असंच बोलायचो." वीणाताई खुर्चीत बसल्या. "पेटी चुकली होती हे खरं. आणि आवाजही गेलाय, हेही खरं."

त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. पुढे काय होणार ते मला माहीत होतं: फोन उचलला जाईल, मासिकं परत येतील, आणि हे घर आपलं असंच चालू राहील. मी मनाने तयार होते.

"आई, मग खालून गा ना," आर्या म्हणाली. "लोअर की घे. स्कूलमध्ये आम्ही सारखे ट्रान्सपोज करायचो. नोबडी डाइड."

"तुला नाही कळायचं ते. काळी चार माझी पट्टी आहे."

"सो? चेंज कर."

"अगं, सगळ्यांना कळेल."

"मग कळू दे ना," आर्या म्हणाली, आणि कप उचलून स्वयंपाकघरात निघून गेली. तिला त्यात काही मोठं वाटलंच नव्हतं.

बाहेर कुणीतरी लॉनमोअर चालू केला, थोड्या वेळाने तो बंद झाला. मग वीणाताईंनी झाकणावरचा आर्याचा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तंबोऱ्याची पट्टी एक घर उतरवली. पांढरी पाच. वरचा सा नाही लागला. काळी तीन. लागल्यासारखा झाला आणि सुटला. पांढरी चारला त्या थांबल्या. एवढं खाली त्या उभ्या जन्मात गेल्या नव्हत्या. आता उठतील असं मला वाटलं. उठल्या नाहीत. अंगठ्याने आणखी एक घर उतरल्या.

पांढरी तीनला वरचा सा आला. गोड मुळीच नव्हता. खरखरीत होता, त्यात हवा होती, कडा तुटलेल्या होत्या. पण तो जागेवर उभा राहिला आणि पडला नाही. वीणाताईंनी तो सोडला, पुन्हा घेतला. पुन्हा आला. मग त्या थांबल्याच नाहीत. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यांनी अख्खी नांदी म्हटली, बसल्या जागी, डोळे उघडे ठेवून, समोरच्या रेडिएटरकडे बघत. खालच्या जागांवर त्यांचा आवाज असा काही भरून आला की माझ्या पोटातले सूर कुणी न वाजवता थरथरले. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. आर्या दारात येऊन उभी होती आणि आत येत नव्हती.

गाणं संपल्यावर वीणाताईंनी तंबोरा बंद केला आणि लगेच, विचार बदलायच्या आत, स्वतःच्या फोनवरून फोन लावला.

"सुचेता, नांदी माझीच ठेव. आणि ऐक, पट्टी पांढरी तीन."

आयुष्यभर काळी चारला साथ केलेली बाई ती. वीणाताईंनी डोळे मिटून घेतले.

"मंडळाच्या पेटीची पांढरी तीन जरा अडकते गं," सुचेता म्हणाली. "आजच उघडून साफ करून ठेवते. तू उद्या ये."

वीणाताई "हो" म्हणाल्या. नुसतं हो. मग फोन मांडीवर ठेवून त्या रडायला लागल्या, मोठ्याने, लहान मुलीसारख्या. दोन हिवाळ्यांचं सगळंच त्यात असावं. आर्या येऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली.

आणि मी? हॅना इथे असायला हवी होती, असं मला वाटलं. फार वाटलं. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं की ते कुठे ठेवायचं ते कळत नाही.

आता आर्याने एक दुरुस्तीवाला शोधला आहे. तो म्हणतो, माझे सूर घासून आजच्या सुराला आणता येतील, फक्त एकदा उतरवले की पुन्हा चढायचे नाहीत. वीणाताई म्हणतात, कशाला, जुनी आहे, राहू दे तशीच. मला कुणी विचारलेलं नाही, पण तुम्ही ऐकता आहात म्हणून सांगते. हा चढा सूर मी एका बाईसाठी इतकी वर्षं धरून ठेवला, आणि तिने मात्र त्याच्यापायी गाणंच सोडलं. आता घासायला माझी हरकत नाही. त्या माणसाला बोलवा. एवढंच सांगा त्याला, की घाई करू नकोस, एकेक सूर कानाशी धरून हळूहळू उतरव.